तीन मिनिटं उशिरा सुटलेली बस

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी गाडी चालवण्याचा परवाना आपण होऊन पोलीस ठाण्यात नेऊन दिला. ‘आपण होऊन’ हे शब्द प्रमाणपत्रावर छापलेले आहेत, म्हणून मीही तसंच म्हणतो. खरी गोष्ट अशी, की सप्टेंबरात मी आमच्याच घराच्या फाटकाला गाडी जरा टेकवली. फाटक तसंही जुनं होतं. पण माझ्या बायकोने, फुमिएने, सप्पोरोतल्या मुलाला फोन केला आणि दोघांनी मिळून मला आपण होऊन परवाना द्यायला लावला. पोलीस अधिकारी उठून उभे राहिले, कमरेत वाकले, प्रमाणपत्र दिलं, आणि सोबत बसचा अर्ध्या भाड्याचा पास दिला. पासवरच्या फोटोत मी नुकत्याच पकडलेल्या चोरासारखा दिसतो, पण ते असो.

गाडी विकली. बरोबर सतराव्या दिवशी आमच्या थांब्यावर कागद लागला. हिनोसे स्टेशन ते त्सुबाकिदाई मार्गे कुसुनोकी वृद्धाश्रम, ही तीन नंबरची बस प्रवाशांअभावी मार्चअखेर बंद करण्याचा विचार आहे. खाली टोपी काढून वाकलेल्या माणसाचं चित्र. आमच्याकडे कुठलीही वाईट बातमी हे चित्र काढल्याशिवाय देत नाहीत. त्यामुळे चित्र दिसलं की लोक खालचा मजकूर वाचायच्या भानगडीत पडत नाहीत. ही सवय लक्षात ठेवा, पुढे तिनेच माझा घात केला.

त्सुबाकिदाई म्हणजे टेकडीवरची अठ्ठेचाळीस घरं. बस गेली तर खाली उतरता येईल, पण वर चढायचं कुणी? रहिवासी मंडळाची तातडीची सभा भरली. सगळे आपापल्या चहाच्या पेल्यात बघत होते. मी आयुष्यभर पाण्याच्या मीटरच्या कारखान्यात तपासनीस होतो, चौकसपणाची खोड आहे. मी नुसतं विचारलं, “बस टिकायला नक्की किती माणसं लागतात हो?”

टाळ्या पडल्या. आमच्याकडे सभेत जो प्रश्न विचारतो तो अध्यक्ष होतो, हे मी भोळेपणाने विसरलो होतो. शेजारचे सुगाया, बँकेतून निवृत्त झालेले, म्हणाले, “ओगिनोसाहेबांनी एवढ्या तळमळीने विषय मांडल्यावर दुसरं नाव सुचवणं बरं दिसणार नाही.” अशा रीतीने मी बस बचाव समितीचा अध्यक्ष झालो.

समितीच्या सहा बैठका झाल्या. त्यांतल्या चार झेंड्याच्या रंगावर. सुगायांचं म्हणणं, झेंडा निळा हवा, निळ्या रंगाने विश्वास वाटतो, बँकेत हे सिद्ध झालेलं आहे. समोरच्या घरातल्या तातेइशीबाई म्हणाल्या, “झेंडा हवा तो घ्या, पण टोप्या पिवळ्या. म्हातारी माणसं हरवली तर लांबून दिसतात.” त्या स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. ‘म्हातारी माणसं’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, हे मी विचारलं नाही.

मधल्या काळात मी खरं काम करत होतो. बस कंपनीच्या कचेरीत मला सांगितलं होतं, की नोव्हेंबरातल्या एका बुधवारी दहा ते चार या वेळात माणसं मोजतील. पन्नास झाली तर बस राहील. शाळेच्या वेळेतली मुलं धरत नाहीत. म्हणून मी आठवडाभर रोज स्टेशनच्या चौकात जाऊन बाकावर बसलो आणि निरीक्षण केलं. दहा वीसला तीन नंबरच्या थांब्यावरून आमची बस सुटते आणि त्याच मिनिटाला चार नंबरवरून ओसाकाची लांब पल्ल्याची. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, रंगही एकच, पांढऱ्यावर हिरवा पट्टा. आमच्या बसमध्ये रोज सरासरी तीन माणसं आणि एक कोबी.

त्या तिघांत एक बाई रोज असायच्याच. कुवाबाराबाई. आमच्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे राहतात, वय एक्याऐंशी. सकाळी स्टेशनवर येतात, लाल कडधान्याच्या पुरणाचे दोन गरम गोल केक घेतात, कागदी पिशवी पोटाशी धरतात आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जातात. वृद्धाश्रमात त्यांचे यजमान आहेत. त्यांना आता बायकोही ओळखू येत नाही, पण दुपारी बाईंच्या हातूनच जेवतात. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की तोंड मिटून घेतात. मी त्यांना सभेचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बस गेली तर चालत जाईन. वर वळणाशी बसायला एक दगड आहे. दीड तास लागेल, फार नाही.” एक्याऐंशीव्या वर्षी. तेव्हापासून मला झेंड्याच्या रंगाचा अतिशय राग यायला लागला.

आणखी एक गोष्ट मी टिपली होती. बाई उभ्या राहायच्या तीन नंबरच्या रांगेत, पण बघत असायच्या चार नंबरकडे. ओसाकाची बस सुटली की किंचित मान लववायच्या. रोज. कुणाला? का? मला विचारावंसं फार वाटायचं. पण ज्यांच्याशी अकरा वर्षं फक्त हवापाण्यावर बोललोय त्यांना एकदम असं विचारणं बरं दिसत नाही.

हिशोब पक्का होता. समितीतले मला धरून चोवीस जण आणि कुवाबाराबाई. पंचवीस वर गेले, पंचवीस खाली आले, झाले पन्नास. मी चार पानी पत्रक लिहिलं, नकाशा काढला आणि ते फिरत्या पाटीला लावलं. ही पाटी घरोघर जाते, प्रत्येकाने वाचायचं, आपल्या घराचा शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. सोळा दिवसांनी पाटी परत आली. अठ्ठेचाळीस शिक्के! एकही घर सुटलेलं नाही. मी आयुष्यभर शिक्क्यांवर विश्वास ठेवला आहे. मीटरवर शिक्का असला की मीटर बरोबर. त्या रात्री मी शांत झोपलो.

बुधवार उजाडला. बस वाचवायला स्टेशनवर अकरा मोटारी आल्या. मी सुगायांना म्हटलं, “अहो, निदान आज तरी बसने यायचं!” ते म्हणाले, “बसची वेळ गैरसोयीची आहे.”

चौकात पहाटेपासून खोदकाम चाललं होतं. खांबांवर टोपी काढून वाकलेल्या माणसाचं चित्र लावलेलं. आवाजाबद्दल माफी मागत असतील, असं समजून मीही चित्राकडे बघून जरा वाकलो आणि पिवळ्या टोप्यांची रांग तीन नंबरच्या जागी लावली. चित्राखाली लिहिलं होतं, की आजच्या दिवसापुरती तीन आणि चार नंबरच्या थांब्यांची अदलाबदल केली आहे. हे मी वाचलं संध्याकाळी.

बरोबर दहा वीसला माझ्या पाठीमागे दार उघडल्याचा आवाज झाला. पाठीमागे अशासाठी, की अध्यक्ष या नात्याने मी लोकांकडे तोंड करून उभा होतो. बसकडे पाठ करून, झेंडा खाली धरून, प्रत्येकाला वाकून “या, चढा, आपले आभार” म्हणत होतो. रांग जरा अडखळत होती. सुगाया थांबले, त्यांनी माझ्या डोक्यावरून बसच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, खाकरले आणि चढले. तातेइशीबाई “अगंबाई” म्हणाल्या आणि चढल्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

शेवटी कुवाबाराबाई. त्यांनाही पिवळी टोपी चढवलेली होती. त्या सगळ्यांत जास्त वेळ थांबल्या.

“अध्यक्षसाहेब, याच बसने जायचं?”

“अर्थात!”

“नक्की ना?”

“बाई, अठ्ठेचाळीस शिक्के आहेत!” मी म्हणालो.

त्या हसल्या. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. आणि एक्याऐंशी वर्षांची ती बाई एखाद्या मुलीसारखी टुणकन पायरी चढून गेली. तिच्यामागोमाग मी उलट्या पावलांनी चढलो, कारण खोदकाम करणाऱ्या कामगारांनाही वाकून निरोप देणं मला आवश्यक वाटलं.

आत मऊ खुर्च्या, खिडक्यांना पडदे, मागे चक्क संडास. मला भरून आलं. मोजणीच्या दिवशी कंपनीने आपल्यासाठी एवढी चांगली गाडी पाठवावी! मग पट्टे बांधण्याची सूचना झाली. मग टेकडीचं वळण आलं आणि गेलं. मग आम्ही द्रुतगती मार्गाच्या चढावर लागलो. मागे वळून पाहिलं. पिवळ्या टोप्यांखालचे सगळे चेहरे माझ्याकडे पूर्ण विश्वासाने बघत होते.

मी सुगायांच्या कानाशी वाकलो. “सुगायासाहेब, ही बस...”

“ओसाकाची,” ते शांतपणे म्हणाले.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“पत्रकात होतं ना? तिसऱ्या पानावर?”

“तुम्ही तिसरं पान वाचलंत?”

सुगायांनी पडदा सरळ केला. “मी शिक्का मारलाय.”

मागून तातेइशीबाई म्हणाल्या, “मला वाटलं, आधी ओसाका आणि मग वर. समितीचं काहीतरी धोरण असेल. मी मेली कशाला मधे बोलू?”

तेव्हा मला उलगडा झाला. माझं पत्रक चोवीस जणांपैकी एकानेही वाचलं नव्हतं. आणि वाचलं नव्हतं म्हणूनच कुणाला तोंड उघडता आलं नाही. ‘अहो, ही बस चुकीची आहे’ असं म्हणायचं, आणि पत्रकात ओसाकाच लिहिलेलं निघालं तर? अब्रू जाण्यापेक्षा ओसाकाला जाणं बरं. मी चालकाकडे धावणार होतो, तर समोरच पाटी, ‘गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.’ शिवाय दोन तास थांबा नव्हता.

कुवाबाराबाई पुढच्या बाकावर खिडकीशी बसल्या होत्या. माफी मागायला मी त्यांच्यासमोर कमरेत वाकलो, गाडीने वळण घेतलं आणि माझं कपाळ खुर्चीच्या दांड्यावर आपटलं. पिवळ्या टोपीमुळे थोडक्यात निभावलं.

“बाई, माझी चूक झाली. तुम्हाला तिकडे जेवायला पोचायचं आणि मी...”

“मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “कपाळावर एवढं मोठं ओसाका लिहिलंय. मी विचारलंसुद्धा तुम्हाला.”

“मग चढलात का?”

त्यांनी पिशवीची घडी नीट केली. “ही बस आमचे हे चालवायचे. सव्वीस वर्षं.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. कपाळ चोळायचंही विसरलो.

“मी एकदाही बसले नाही हिच्यात. कामावर असलेल्या माणसाच्या गाडीत बायकोने जाऊन बसायचं, बरं दिसत नाही. त्यांनाही वाटायचं, मलाही वाटायचं. घरी आले की सांगायचे, चौथ्या बोगद्यातून बाहेर पडलं की डावीकडे डोंगरात एक लाल छपराचं घर आहे. एकटंच. कोण राहत असेल गं, म्हणायचे. सव्वीस वर्षं आम्ही त्या घरात कोण राहत असेल त्याच्या गोष्टी रचल्या.” मग त्यांनी पिशवीतले केक चाचपले. “आज ते उपाशी राहतील. मला कळतंय ते. पण तुम्ही एवढं वाकून ‘चढा’ म्हणालात, आणि माझा पाय आपोआप वर पडला.”

पहिला बोगदा गेला, दुसरा गेला, तिसरा. चौथ्यातून बाहेर पडताना बाईंनी माझी बाही धरली होती. डावीकडे डोंगर, झाडी, आणि खरंच एकटं घर. छप्पर निळं होतं.

“निळं केलंय,” बाई म्हणाल्या. “बघा, निळं केलंय!” आणि बोगद्यापासून ओसाकापर्यंत त्या खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

ओसाकात आम्ही उभ्या उभ्या शेवयांचा रस्सा प्यालो. तातेइशीबाईंना हातमोजे स्वस्त मिळाले. दोनची बस पकडून हिनोसेला पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मोजणी संपली होती. समिती एकही शब्द न बोलता अकरा मोटारींत बसून घरी गेली. या लोकांनी मला शिव्या दिल्या असत्या तर फार बरं वाटलं असतं.

तीन नंबरची बस उभी होती. बाईंना बघताच चालक उओझुमी टोपी विसरून खाली धावत आला. “कुवाबाराबाई! होतात कुठे? अकरा वर्षांत एकदा चुकला नाहीत! मी तीन मिनिटं थांबलो, मग आश्रमात फोन केला, त्यांनाही पत्ता नाही!” पंचवीस पिवळ्या टोप्यांत त्याला बाई दिसल्याच नव्हत्या.

बाईंना एकटं पाठवायचं माझ्या जिवावर आलं. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. बाईंचे यजमान तेइजीसाहेब खिडकीशी बसले होते, पुढ्यातलं दुपारचं ताट तसंच. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि रोजचा प्रश्न विचारला, “बाई, तुम्ही कुठून आलात?”

बाई रोज म्हणायच्या, स्टेशनवरून. आज म्हणाल्या, “ओसाकाहून. ते लाल छपराचं घर आता निळं केलंय.”

तेइजीसाहेबांनी मान वर केली. मग म्हणाले, “चौथ्या बोगद्यानंतरचं? हात्त्याच्या! म्हणजे मुलगा परत आला वाटतं त्यांचा.” आणि गार झालेला केक त्यांनी बाईंच्या हातून खाल्ला. मी व्हरांड्यात जाऊन नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी मी मिठाईचा डबा घेऊन बस कंपनीच्या कचेरीत माफी मागायला गेलो. विभागप्रमुखांनी फाइल उघडली. दहा वीसच्या बसमध्ये प्रवासी शून्य. दिवसभरात मिळून सहा. माझं डोकं टेबलाला लागेपर्यंत मी वाकलो.

“पण ओगिनोसाहेब,” ते म्हणाले, “एक अडचण आहे.” त्यांनी शेवटचा रकाना दाखवला. उओझुमीने लिहिलं होतं, ‘रोजच्या प्रवासी बाई आल्या नाहीत म्हणून तीन मिनिटं थांबलो. क्षमस्व.’ विभागप्रमुखांचा चेहरा गंभीर झाला. “नियमाप्रमाणे मोजणी सर्वसाधारण दिवशीच व्हायला हवी. आमची बस स्टेशनातून तीन मिनिटं उशिरा सुटली. असा दिवस सर्वसाधारण कसा म्हणायचा? वरच्यांना मान्य नाही. मोजणी रद्द. डिसेंबरात पुन्हा.”

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला.

डिसेंबरात मी बसकडे तोंड करून उभा राहिलो, कपाळावरची पाटी तीनदा मोठ्याने वाचली आणि मगच लोकांना चढवलं. एकसष्ट झाले. बस दोन वर्षं तरी आहे.

त्यानंतर मी पाटीवर आणखी एक पत्रक फिरवलं. महिन्यातून एका बुधवारी कुवाबाराबाई ओसाकाच्या बसने जाऊन येतील, आणि त्या दिवशी तेइजीसाहेबांच्या जेवणाशी पाळीपाळीने आपल्यातलं कुणीतरी बसेल. अठ्ठेचाळीस शिक्के आले. पहिली पाळी तातेइशीबाईंची होती, हे त्यांना मंगळवारी संध्याकाळी माझ्याकडून कळलं. “असं कुठे लिहिलं होतं?” त्या म्हणाल्या, आणि मग पटकन, “म्हणजे, हो, वाचलं होतं.” पण त्यांना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मीच गेलो.

अर्धा तास मी घास पुढे करत होतो आणि तेइजीसाहेब ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होते. त्र्याहत्तर वर्षांच्या अध्यक्षाकडे कुणी असं बघावं! शेवटी त्यांनीच विचारलं, “तुम्ही कुठून आलात?”

“स्टेशनवरून. तीन नंबरने.”

“वेळेवर सुटली?”

“आज सुटली. पण मध्ये एकदा तीन मिनिटं उशीर झाला होता,” मी म्हणालो. बोलायला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्यांच्या कपाळावर आठी पडली. सव्वीस वर्षांचा चालक ताठ बसला. “तीन मिनिटं? कुणासाठी थांबला तो?”

“तुमच्या बायकोसाठी.”

तेइजीसाहेबांनी खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहिलं.

“मग चालेल,” ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.